पाचवं कलम

लग्न लावायला ढीगभर माणसं लागतात. मंडपवाला, आचारी, बँडवाला, भटजी न्हाईतर भन्तेजी, शिवाय रुसून बसणारे दोन-चार पाहुणे. मोडायला एक टायपिस्ट पुरते. जालन्याच्या कोर्टासमोर पत्र्याच्या शेडखाली एकोणीस वर्षं मी तेच काम करून राह्यले. अंक काढणारे सर म्हणले, "विमलबाई, जसं बोलता तसंच लिहा, शुद्धलेखनाचं आम्ही बघू." मंग बघा म्हणावं.

बाहेरच्या माणसाला वाटतं टायपिस्ट म्हणजे नुसती बोटं. वकील सांगतो, आपण बडवायचं. तसं न्हाई बरं का. निम्म्या लोकांना वकिलाची पायरीच चढायची नसते, फी कुणी द्यावी! ते सरळ टेबलाशी येतात. भाडेकरार, नावातला बदल, पोरांच्या शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र, सगळ्याचे नमुने माझ्याकडं तयार. माणूस बसला की अर्ध्या तासात कागद त्याच्या हातात. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. पाठ तेव्हाही दुखायची, आताही दुखते.

आणि या सगळ्यात बाराही महिने चालणारा माल म्हणजे फारकत. नवरा-बायकोचं पटंना झालं की दोन्हीकडचे पंच बसतात, ठरवतात आणि सगळी वरात बाँड पेपर घेऊन माझ्याकडं येते. बाई 'लिहून देणार', नवरा 'लिहून घेणार', खाली सह्या, अंगठे, साक्षीदार. कोर्ट असल्या कागदाला घटस्फोट धरत न्हाई, हे मी प्रत्येकाला सांगते. ते मुंड्या हलवतात आणि म्हणतात, "बाई, तुम्ही टाइप करा जल्दी, शेवटची जीप निघून जाईल." गावात तोच कागद चालतो.

माझ्या फारकतीच्या नमुन्यात पाच कलमं होती. राजीखुशीनं वेगळे झालो; भांडीकुंडी, दागिने ज्याचे त्याला मिळाले; दुसऱ्या लग्नाला हरकत न्हाई; एकमेकांवर खोट्या केसा करणार न्हाई. ही चार रशीदचाचांची. रशीदचाचा म्हणजे कोर्टासमोरचे जुने अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहून देणारे. त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मी धंदा शिकले. पाचवं कलम माझं. ते असं होतं: 'मुलाबाळांच्या पालनपोषणाचा, शिक्षणाचा व लग्नाचा कोणताही खर्च लिहून देणार ही लिहून घेणाराकडे आज रोजी अगर भविष्यात कधीही मागणार नाही.'

वाक्य कसं घट्ट आहे बघा. मला त्याचा लई गर्व होता.

ते कलम मी पहिल्यांदा टाइप केलं माझ्या स्वतःच्या फारकतीत. चाचांचा धंद्याचा एकच नियम होता, आपला कागद आपल्या हातानं लिहायचा न्हाई. घर विकायचं असो की भावाशी वाटणी असो, शेजारच्या टेबलावर जायचं, त्याला पैसे द्यायचे, त्याच्याकडून लिहून घ्यायचं. "अपना कागद लिखते वखत हाथ गरम रैता, बेटी," म्हणायचे. त्या दिवशी मशीनला कागद चढवताना त्यांनी मला अडवलं होतं. मी ऐकलं न्हाई.

माझा नवरा भास्कर घनसावंगीला मास्तर. त्याच शाळेत शीला नावाची बाई नवीन लागली आणि आमच्या घरात तिच्या नावाचा पाठ सुरू झाला. शीलाबाई फळा कसा लिहितात, शीलाबाईंचं इंग्रजी कसं आहे. एक दिवस भास्करनं सरळच सांगितलं, माझं मन तिकडं आहे. मारलं न्हाई, दारू न्हाई, काही न्हाई. एखादा ऐब असता तर चार लोकांत शिव्या तरी घालता आल्या असत्या! मी दोन वर्षांच्या प्रज्ञाला कडेवर घेऊन जालन्यात मस्तगडला भावाकडं आले. लग्नाआधी टायपिंगची मराठी चाळीसची परीक्षा पास झाल्ते, तेवढंच हातात होतं, त्याच्या जोरावर चाचांकडं बसू लागले.

भास्करला नोकरी होती, त्यामुळं नुसत्या बाँडवर दुसरं लग्न करता येईना. आधी पंचांसमोर कागद आणि मंग कोर्टात दोघांच्या संमतीचा अर्ज, असं ठरलं. भावाच्या खोलीत पंच बसले. शीला आत आली न्हाई, बाहेर रिक्षात बसून होती. लिंबू रंगाची साडी आणि केसात मोगरा. खिडकीतून मला ती दिसत होती. आज जेवायला काय होतं ते मला आठवत न्हाई, पण ती साडी आठवते.

भास्कर म्हणाला, "पोरीसाठी मी महिन्याला देत जाईन."

माझ्या अंगाचा भडका उडाला. पैसे द्यायला हा दर महिन्याला येणार. येताना पोरीला खाऊ आणणार. पोर "पप्पा" म्हणून धावत जाणार. दिवसभर राबून मी तिला वाढवायचं आणि हा महिन्यातून एकदा येऊन तिचा लाडका होणार. आणि त्या पैशाचं पाकीट कोण भरून देणार? तर ती रिक्षातली. मी म्हणलं, "तुमच्या नव्या घरातला एक रुपया माझ्या पोरीच्या अंगाला लागू देणार न्हाई. माझी लेक मी पोसायला खंबीर आहे."

पंच खूश. भाऊ म्हणाला, शाब्बास, वाघीण आहे माझी बहीण. त्याच गरम हातानं मी जाऊन पाचवं कलम टाइप केलं. कोर्टाच्या अर्जातही तेच घातलं. लोकांना तो स्वाभिमान वाटला, आणि सोळा वर्षं मीही तोच शब्द वापरला.

पुढची गंमत ऐका. आठवडाभरानं एका फारकतीला आलेल्या नवऱ्याच्या मामानं टेबलावर पडलेली माझी नक्कल वाचली आणि मांडीवर थाप मारली. "हे पाचवं बराबर आहे! आमच्यातबी टाका." टाकलं. मंग दुसऱ्यानं मागितलं. नवऱ्याकडच्या पार्ट्या खास माझ्याकडं येऊ लागल्या. शेजारच्या टेबलांनी नक्कल केली, भोकरदन-अंबडपर्यंत माझं वाक्य गेलं. धंदा वाढला. समोर बाया बसायच्या, कडेवर लेकरं, त्यांना मी भराभरा वाचून दाखवायची आणि अंगठ्याची शाई पुढं सरकवायची. त्यांच्यातल्या किती जणींना पाचवं समजलं, हे मी कधी विचारलं न्हाई. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटायचं. मी एकटी न्हाई, ह्या सगळ्या माझ्यासारख्याच, असं वाटायचं.

प्रज्ञा टेबलाखाली वाढली. कार्बनच्या तुकड्यांवर बाराखडी गिरवली तिनं. शाळेत हुशार निघाली. तिनं बापाचं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "त्यांच्यावर आपला काही हक्क न्हाई. कागद झालेला आहे." दुपारी कोर्ट, संध्याकाळी लोकांचे प्रबंध, असं बडवून मी तिला शिकवलं. तिच्या दप्तरावर, चपलेवर, चष्म्यावर फक्त माझं नाव होतं, आणि ते मला लई आवडायचं.

ती अकरावीत असताना केदारखेड्याकडची कौसाबाई टेबलाशी आली. सोबत अठरा पूर्ण झालेली लेक रेणुका. मराठ्याची बाई, भावाच्या शेतात राबून पोरीला बारावी केलेली, आता नर्सिंगला नंबर लागलेला आणि पैसा न्हाई. बापाची मोसंबीची बाग. कौसाबाईनं कमरेच्या पिशवीतून चौदा वर्षांपूर्वीचा बाँड काढला. माझाच. माझ्या जुन्या मशीनचा 'ख' जरा खाली पडायचा, तो 'खर्च' लांबूनच ओळखू आला.

"बाई, ह्यात काय लिवलंय ते सांगा. तो म्हणतो, तुझ्या आईनं लिहून दिलंय, पोरीला दमडी मागायची न्हाई म्हणून."

आमच्या शेडमागं एक तरुण वकील मॅडम बसतात, मला मावशी म्हणतात. मी कौसाबाईला त्यांच्याकडं नेलं. मॅडमनी कागद वाचला आणि हसल्या. "मावशी, हे पाचवं कलम कचरा आहे हो. बाई स्वतःचा हक्क सोडेल, लेकराचा कसा सोडेल? तो तिचा आहेच कुठं? मुलगा असता तर अठरापर्यंतच. पण मुलगी कमावती न्हाई, लग्न झालेलं न्हाई, तर तिचा खर्च बापावर. अठरा झाली म्हणून सुटत न्हाई तो."

मी कागद उचलून त्याची घडी घातली. मॅडमला कुठं माहीत, त्या कचऱ्याची मालकीण समोर उभी आहे.

रेणुकाचा अर्ज मीच टाइप केला. दोन-तीन तारखांत कोर्टानं बापाला महिन्याचा खर्च ठरवून दिला. बाप आधी तणतणला, पण मंग काय झालं कुणास ठाऊक, पुढच्या तारखेला तो पिशवीभर मोसंबी घेऊन आला. कोर्टाच्या आवारात ओट्यावर बसून त्यानं एक सोललं आणि फोड-फोड करून पोरीला दिलं. पोरगी हसली. मी माझ्या टेबलावरून बघत होते. चौदा वर्षं भाकरी कौसाबाईनं थापली आणि हसू ह्या मोसंबीवाल्याला!

कौसाबाईनं मात्र दोन मोसंबी आणून माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हणलं, "तुम्हाला काही वाटत न्हाई का हो? बघा की कशी बसलीय त्याच्याजवळ."

"वाटतंय की," कौसाबाई म्हणाली. "जळतंय आतून. पण पोरीच्या तोंडातलं कसं काढून घेऊ?" मंग जराशानं म्हणाली, "तुम्ही त्या दिशी वाचून दाखवलं होतं बाई. माझं लक्ष न्हवतं. लेकरू रडत होतं."

ती मोसंबी मी खाल्ली न्हाईत. तिथंच वाळली.

त्या दिवशी घरी जाऊन प्रज्ञाला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं न्हाई. मॅडमनी एकदा विचारलं, "मावशी, तुमची प्रज्ञा कितवीला? तिच्या वडिलांचं काय?" मी म्हणलं, "आमचं भागतं." भागत कुठं होतं! गळ्यातले मणी गहाण होते. पण ओट्यावरचा तो मोसंबीवाला माझ्या डोळ्यापुढून जाईना. त्याच्या जागी मला भास्कर दिसायचा आणि रेणुकाच्या जागी प्रज्ञा. पैसे गेले तर गेले, पोरगी जायला नको, एवढाच हिशोब होता माझा.

पण माझ्या हिशोबात एक गोष्ट राहून गेली. बारावीच्या पोरांना जात पडताळणी करावी लागते, आणि तिला बापाकडचे कागद लागतात. बापाचा दाखला, आज्याचा पुरावा. पोरगी आईनं वाढवलेली असो न्हाईतर आभाळातून पडलेली असो, जात बापाकडून यायची. ज्या माणसाचा रुपया मी अडवला होता, त्याच्या दाराशी मलाच पोरीला पाठवावं लागलं. तेव्हा तिला अठरा पूर्ण झाल्ते. सकाळी घनसावंगीच्या जीपमध्ये बसवून दिली आणि दिवसभर तीन-तीनदा कागद चुकवले.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात कागदांची फाईल होती आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"धपाटे आहेत. शीलामावशीनं दिलेत."

"कोणी?"

"त्या म्हणल्या, मावशी म्हण."

"मावशी म्हणजे आईची बहीण. ती माझी बहीण कधी झाली?"

प्रज्ञानं डबा उघडून पुढं केला. मी म्हणलं, "मीठ जास्त झालंय." अजून तुकडाही मोडला न्हवता. पोरगी हसू दाबायला लागली, तर मला आणखी राग आला. मंग तिनं सांगितलं, त्यांच्या घरात एक भाऊ आहे, आठवीला, त्याला अभ्यासाला टॅब आहे. 'भाऊ' म्हणली. मी उठून भांडी घासायला बसले, घासलेलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ती टेबलाशी आली. समोर गॅपच्या प्रतिज्ञापत्राला तीन पोरं बसलेली. त्यांच्यासमोर तिनं एक झेरॉक्स ठेवली. माझी फारकत.

"पप्पांनी दिली. मी म्हणलं, पडताळणीचं झालं, आता फार्मसीला नंबर लागला तर खोलीचं, मेसचं काय? तर त्यांनी कपाटातून हे काढलं. म्हणले, तुझ्या आईनंच लिहून दिलंय, मी काय करू. आई, हा 'ख' तुझ्याच मशीनचा आहे ना?"

मी म्हणलं, घरी बोलू.

"इथंच बोलू. परवा पडताळणीचा नमुना शोधायला मी तुझा कॉम्प्युटर उघडला होता. त्यात रेणुकाताईची फाईल आहे. गेल्या वर्षीची. तुला माहीत होतं, आई."

तीन पोरं खाली माना घालून बसली. पळूनही जाईनात, त्यांचे कागद माझ्याकडं होते.

"मी तुला काय कमी केलं?" मी म्हणलं. आईकडचं शेवटचं हत्यार.

"कमी केलं असं मी म्हणलेच न्हाई. तुझं सोडायचं होतं तर तुझं सोडायचं. माझ्या वाटचं तू कसं सोडलंस? मला तर बोलतापण येत न्हवतं तेव्हा."

मी म्हणलं, "मी दुसऱ्याच्या दारात हात पसरला न्हाई, हे चुकलं का?" स्वाभिमान, इज्जत, सगळं बोलून घेतलं. ती ऐकत राह्यली आणि मंग एवढंच म्हणाली, "हात पसरायचा न्हवता, बाप होता तो," आणि निघून गेली. मला तिच्या चालीत भास्कर दिसला. तेही सहन झालं न्हाई.

प्रज्ञाचा नंबर संभाजीनगरच्या एका फार्मसी कॉलेजात लागला. कॉलेजची फी शिष्यवृत्तीत बसत होती, पण खोली, मेस, पुस्तकं, जाणंयेणं ह्याला दर महिन्याला लागणारा पैसा माझ्याकडं न्हवता. सरळ सांगते, न्हवता. कॉलेजातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा मीच तिला वकील मॅडमकडं नेलं.

मॅडमनी मुद्दे सांगितले आणि म्हणल्या, "मावशी, टाइप तुम्हीच करा." चाचा आता न्हाईत, पण त्यांचा नियम आठवला. हा कागद माझा की परका? अर्जदार प्रज्ञा, सामनेवाला भास्कर, माझी सहीसुद्धा न्हाई. बसले टाइप करायला. प्रज्ञा शेजारी बसून मॅडमचे मुद्दे वाचून दाखवत होती. एका ठिकाणी आलं, 'अर्जदाराच्या आईने रागाच्या भरात सदर मजकूर लिहून दिला.' हे ठरलेलं वाक्य आहे, हजारदा टाइप केलंय. माझी बोटं थांबली. राग तर दोन दिवसांत उतरला होता. जे सोळा वर्षं उतरलं न्हाई, त्याचं नाव राग न्हवतं.

मी टाइप केलं, 'अर्जदाराच्या आईने हेव्यापोटी सदर मजकूर लिहून दिला.'

प्रज्ञा स्क्रीनकडं बघत होती. तिनं पुढचं वाचायचं थांबवलं. मंग तिचा हात माझ्या पाठीवर, पाठदुखीच्या पट्ट्याच्या जरा वर, येऊन टेकला. मॅडमनी संध्याकाळी तो शब्द लाल पेनानं खोडला, वर 'गैरसमजातून' लिहिलं आणि मला म्हणल्या, "मावशी, कोर्टात असलं लिहीत न्हाईत." मला माहीत आहे ते. पण जिनं वाचायला पाहिजे होतं तिनं वाचलं होतं.

कोर्टात भास्करनं काय सांगावं? "आम्ही बौद्ध आहोत, हिंदूंचा कायदा आम्हाला कसा लागतो?" माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि ह्या माणसाला धर्म आठवला तो पोरीची मेस चुकवायला! मॅडमनी शांतपणे सांगितलं, त्या कायद्यात बौद्धही धरलेले आहेत, तुमचा घटस्फोटही हिंदूंच्याच कायद्यानं झाला, तेव्हा चालला ना? मला त्या दिवशी जरा बरं वाटलं, खरं सांगते. पुढच्या तारखेला त्यानं महिन्याला रक्कम कबूल केली, नोकरी न्हाईतर लग्न, जे आधी होईल तोवर.

पाचवं कलम मी कॉम्प्युटरमधून काढून टाकलं. आता नवऱ्याकडचे लोक येतात, चार कलमं वाचतात आणि विचारतात, "ते खर्च्याचं कुठंय?" मी म्हणते, न्हाई मिळणार. मंग ते उठून शेजारच्या टेबलावर जातात, तिथं ते अजून मिळतं. माझंच वाक्य माझंच गिऱ्हाईक पळवून राह्यलं. बायांना मात्र मी आता कागद सावकाश वाचून दाखवते, लेकरू रडत असलं तर आधी त्याला बिस्कीट देते.

हेवा गेला का? कुठला! प्रज्ञाचं बँकेचं खातं ती लहान असताना उघडलं होतं, नंबर माझा दिलेला. दर महिन्याच्या सात तारखेला माझ्या फोनवर मेसेज वाजतो, भास्करचे पैसे जमा. तो वाजला की माझी एक ओळ चुकते. संध्याकाळी प्रज्ञा फोनवर सांगते, पप्पा असं म्हणले, पप्पा तसं म्हणले. मी हूं हूं करते आणि फोन ठेवल्यावर शेजारणीशी भांडण काढते.

मागच्या महिन्यात सात तारीख गेली, मेसेज आला न्हाई. आठ गेली, नऊ गेली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. बघा तुमचे पप्पा, असं म्हणायला जागा मिळाली होती. दहाला सकाळी प्रज्ञाचा फोन आला, मेसवाल्यानं उद्यापासून ताट बंद करतो म्हणलंय. "पप्पांना दोनदा मेसेज टाकला, आता तिसऱ्यांदा कसं मागू? असू दे, मी बघते," म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता.

मी अर्जावरून भास्करचा नंबर काढला आणि लावला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. 'आज रोजी अगर भविष्यात कधीही' मागणार न्हाई म्हणून लिहून देणारी बाई मीच.

फोन शीलानं उचलला.

"प्रज्ञाची आई बोलून राह्यले," मी म्हणलं. तिकडं कुकरची शिट्टी झाली. "पोरीचे पैसे आले न्हाईत या महिन्यात."

"ताई, ते आंघोळीला गेलेत," ती म्हणाली. आवाज साधा होता, कुणाच्याही बाईचा असतो तसा. "शाळेत सगळ्यांचाच पगार अडकलाय, माझापण. तिनं मेसेज टाकलेला मी बघितला. ह्यांना म्हणलं होतं टाका म्हणून." कुकर बंद केल्याचा आवाज आला. "पोराच्या क्लासचे बाजूला ठेवलेले आहेत. त्यातून टाकते मी. मेसवाला काय पगाराची वाट बघत बसणार का?"

'बरं' म्हणलं आणि ठेवला. आभार तोंडातून निघाले न्हाईत.

दहा मिनिटांत मेसेज वाजला. जमा करणाराच्या जागी शीलाचं नाव. जो एक रुपया माझ्या पोरीच्या अंगाला लागू नये म्हणून मी ते कलम पैदा केलं, तो रुपया नाव लावून माझ्याच फोनवर आला होता. ते नाव मी दोनदा वाचलं. मंग प्रज्ञाला लावला.

"पैसे आले."

"पप्पांनी टाकले?"

"न्हाई. शीलामावशीनं टाकलेत. त्यांच्या पोराच्या क्लासचे. फोन करून सांग त्यांना, मिळाले म्हणून."

मंग म्हणाली, "आई, काय म्हणलीस? मावशी?"

"मावशीच म्हण. आणि धपाट्याला मीठ बराबर होतं, तेही सांग."

"तू खाल्ले होतेस?"

"दुसऱ्या दिवशी. तू कॉलेजला गेल्तीस तेव्हा. सगळे."

ती हसली, मोसंबीच्या त्या ओट्यावर रेणुका हसली होती तशी, आणि ह्या वेळेला ते माझ्याशी हसणं होतं. ठेवते म्हणाली, मावशीला लावते.

समोर गिऱ्हाईक येऊन बसलं. भाडेकरार होता. दोन ओळी झाल्या आणि मी उगंच परत फोन लावला. बिझी. करार संपवला, पैसे घेतले, पुन्हा लावला. तरी बिझी. चहा आला, गार झाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी पाचदा लावला असेल. इतका वेळ त्या दोघी काय बोलत होत्या, ते मी अजून विचारलेलं न्हाई.